वीस तारीख, अडतीस रिटर्न आणि तुटलेली फायबर

गुरुवार, १८ जुलै. सकाळी अकराला पाच कमी असताना बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या ऑफिसातलं नेट गेलं, ते रविवारी दुपारी आलं. मध्ये वीस तारीख येऊन गेली.

जीएसटीचं काम करणाऱ्याला वीस तारीख म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याचा ३बी फॉर्म पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत जायला लागतो. चुकला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, २५ केंद्राचे आणि २५ राज्याचे. शिवाय रोखीनं भरायच्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. रक्कम मोठी नसते. पण व्यापारी ती आपल्या खिशातून देत नाही, तो आपल्याकडं बघतो.

आमच्याकडं मासिक ३बी भरणारे ६१ जण. त्या गुरुवारी सकाळपर्यंत २३ जणांचे भरून झाले होते, ३८ राहिले होते. असे का राहिले, त्याकडं पुढं येतो.

ऑफिसात आम्ही चौघं. मी, तीस वर्षं हिशेब लिहिणारे अण्णा, टीडीएस आणि पीएफ सांभाळणाऱ्या अक्का, आणि दोन वर्षांपूर्वी बीकॉम होऊन आलेला धाकटा. पक्षकार म्हणाल तर उद्यमबागचे मशीन शॉपवाले, वडगाव-खासबागचे विणकर, गणपत गल्लीतले दुकानदार, खानापूरकडचे दोन काजू कारखाने. काहींचा धंदा सीमेच्या दोन्ही अंगांना आहे. त्यांचे जीएसटी नंबरही दोन, एक २९ नं सुरू होणारा कर्नाटकचा आणि दुसरा २७ चा महाराष्ट्राचा. एकाला गोव्याचा ३० पण आहे. हे नंबर पुढं कामाला आले, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पहिले तीन तास

अकरा ते दोन आम्ही काहीही केलं नाही. असं लिहायला लाज वाटते, पण प्रकरण लिहायचं तर खरं लिहायला हवं.

आधी धाकट्यानं भिंतीवरच्या नेटच्या डब्याची, म्हणजे राउटरची, पिन काढून परत लावली. दिवे लागले, एक लाल राहिला. परत काढली. सहा-सात वेळा हेच. दर वेळी अक्कांच्या मशीनवरचं टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, अडकायचं आणि अर्धवट टाकलेलं व्हाउचर जायचं. कारण आमचं टॅली मुख्य कॉम्प्युटरवर असतं, बाकीची तीन मशीनं तारेनं त्याला जोडलेली, आणि त्या तारा येतात त्याच डब्यात. म्हणजे बाहेरचं नेट नसलं तरी आतली जोडणी शाबूत होती, ती आम्ही आमच्या हातानं तोडत होतो. शेवटी अक्का वैतागून म्हणाल्या, "अरे, त्या डब्याला हात लावू नको बघ. नेट नाही म्हणून टॅली पण मारतोस काय?"

नेट जाणं आणि नेटवर्क जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण घाबरलेल्या माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही.

मग तक्रारीचा फोन. कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. बेळगावात राहून मराठीसाठी चार ऐकू येईल अशी आशा आम्ही केव्हाच सोडली आहे. तीन दाबलं, तक्रार नोंदवली, चोवीस तास सांगितले. दुसरं कनेक्शन आम्ही दीड वर्षापूर्वी मुद्दाम अशाच दिवसासाठी घेतलं होतं, वेगळ्या कंपनीचं. ते लावून बघितलं तर तेही मेलेलं. पाऊस चालू होता, तेव्हा पावसाला शिव्या घातल्या.

मोबाइल डेटावर पोर्टल उघडायचं, लॉगिनही व्हायचं, पण 'सेव्ह' दाबलं की चाक फिरतच राहायचं. सगळ्या भागाचं नेट गेलेलं, त्यामुळं गल्लीतला प्रत्येक माणूस मोबाइलवर आलेला आणि टॉवर तेवढाच. कर वळता करायच्या पानावर असं चाक फिरायला लागलं की भरलं की नाही तेच कळत नाही. ते पान कमजोर नेटवर उघडायचं नाही, एवढा एक निर्णय मी त्या सकाळी बरा घेतला.

सगळ्यात मोठा घोटाळा वेगळाच होता. कुणाचं झालं, कुणाचं राहिलं ही यादी गुगल शीटमध्ये. पक्षकारांचे फोन नंबर, कुणाचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो, सगळं तिथंच. ती शीट ऑफलाइन दिसायची सोय असते, पण ती नेट असतानाच चालू करून ठेवावी लागते. आम्ही केली नव्हती. म्हणजे अडतीस राहिलेत हे आकड्यानं माहीत, पण ते अडतीस कोण हे चौघांपैकी कुणालाही सांगता येईना.

अण्णांची वही

अण्णा गेली सहा-सात वर्षं एक वही ठेवतात. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, खडेबाजारातून आणलेली. कुणाचं बिल आलं, कुणाचं रिटर्न गेलं, पेनानं नोंद. आम्ही तिची चेष्टा करायचो. धाकटा तर तिला 'अण्णांचं सर्व्हर' म्हणायचा.

दोन वाजता अण्णांनी वही टेबलावर ठेवली आणि बोट फिरवत नावं वाचायला लागले. मी कोऱ्या कागदावर लिहीत गेलो. अडतीसच्या अडतीस निघाली.

इथं जुन्या पद्धतीचे गोडवे गायचा मोह होतो, पण तो आवरतो. त्या वहीतले नऊ फोन नंबर जुने निघाले. एक पक्षकार दोन वर्षांपूर्वीच दुसरीकडं गेलेला, तो अजून पानावर होता. आणि ही वही आम्हाला कामाला आली ती अण्णा त्या दिवशी आले म्हणून. त्यांची सुट्टी असती तर त्यांचं अक्षर कुणी लावलं नसतं. वहीचा गुण एवढाच की ती भिंतीवरच्या डब्याला जोडलेली नव्हती.

यादी हातात आल्यावर मात्र डोकं चालायला लागलं. कागदावर तीन रकाने पाडले. पहिल्यात ज्यांचं रिटर्न शून्य आहे, म्हणजे महिन्यात व्यवहारच नाही ते, दुसऱ्यात ज्यांचे आकडे तयार आहेत ते, तिसऱ्यात ज्यांचे आकडेच झालेले नाहीत ते. मग प्रत्येक नावापुढं एकच प्रश्न विचारत गेलो: याला नेट नेमकं कुठं लागतं?

उत्तर बघून मीच चमकलो. खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत टाकायला नेट लागत नाही. खरेदीवर आधीच दिलेला, म्हणून वजा मिळणारा जमा कर पोर्टलच्या २बी शी, म्हणजे पोर्टलनं त्याच्या बनवलेल्या तक्त्याशी, ताडून बघायचा असतो. त्यातली २बी १४ तारखेला तयार होते आणि अक्कांची सवय अशी की १५ ला सगळ्यांची २बी उतरवून एका फोल्डरमध्ये टाकायची. त्यामुळं ताळ्यालाही नेट नको. किती कर, किती जमा, किती रोख हे काढायला तर अजिबात नको. नेट लागतं ते शेवटी आकडे पोर्टलवर टाकायला, चलन काढायला आणि ओटीपी किंवा डिजिटल सही मारायला. एका पक्षकारामागं सहा-सात मिनिटं.

आणि आम्ही रोज काय करत होतो? आधी पोर्टल उघडायचं, मग आकडे शोधायचे. "अण्णा, ह्यांची खरेदी किती?" "थांबा, एक बिल टाकायचं राहिलंय." तोवर सेशन संपायचं, परत लॉगिन. चाळीस-पन्नास मिनिटं एकेका रिटर्नला जायची आणि आम्ही म्हणायचो, पोर्टल स्लो आहे.

मिरजेचा एम, निपाणीचा एन

शून्य रिटर्नवाले नऊ जण निघाले. शून्य ३बी एसएमएसनं भरता येतो, जून २०२० पासून ही सोय आहे. १४४०९ या नंबरवर एनआयएल, ३बी, जीएसटी नंबर, आणि महिना-वर्ष मिळून सहा आकडे पाठवायचे. उलट सहा आकडी कोड येतो, तो परत सीएनएफ ३बी लावून पाठवला की झालं, पावती क्रमांक येतो. अट एवढीच की मेसेज पक्षकाराच्या नोंदवलेल्या मोबाइलवरून जायला लागतो, आणि मागचं काही थकलेलं नको. चार वर्षं ही सोय होती, आम्ही एकदाही वापरली नव्हती. नेट असताना कोण कशाला एसएमएस करेल?

शुक्रवारी सकाळी अक्का या कामाला बसल्या. वडगावातल्या एक मावशी, साड्यांचा धंदा वर्षभर बंद आहे पण नोंदणी अजून चालू. फोन बटणांचा. पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर, तोही मेसेजमध्ये, बटणं तीन-तीनदा दाबून.

"मावशी, आधी दोन, नऊ. मग ए."

"ए म्हणजे आपला ए?"

"व्हय, अनगोळचा ए. मग बी, बेळगावचा. मग एम, मिरजेचा."

"एन?"

"एन नाही ओ, एन निपाणीचा. एम. मिरजेचा. पुढं पी, पणजीचा."

अर्धा तास लागला. एका ठिकाणी शून्य आणि ओ यांची अदलाबदल झाली, मेसेज चुकीचा म्हणून परत आला. मग तिथं अक्का म्हणाल्या, "ओ नाही, भोपळा घाला," आणि ते मावशींना लगेच कळलं. दुपारपर्यंत नऊच्या नऊ गेले. सगळ्या गावांची नावं संपेपर्यंत आम्ही हसत होतो. डी दांडेलीचा, टी टिळकवाडीचा, के कोल्हापूरचा. एकानं के खानापूरचा करून घेतला, चालतंय.

अक्का फोनवर असताना अण्णा, धाकटा आणि मी तिसऱ्या रकान्याला लागलो होतो. बिलं व्हॉट्सॲपवर अडकलेली, म्हणून धाकट्याला रेनकोट घालून गाडीवर पाठवलं. तो अकरा दुकानं फिरून पिशवीभर कागद घेऊन आला. प्रत्येक पक्षकारासाठी एक कागद छापला. वर नाव आणि नंबर, खाली ३बी च्या तक्त्यांच्या क्रमानंच आकडे, सगळ्यात खाली रोख किती आणि ओटीपी कुणाचा. नेट मिळालं की डोकं न चालवता फक्त टाइप करायचं. शुक्रवारी संध्याकाळी सातला असे २९ कागद एका क्लिपला लावून तयार होते. फोनची घंटी कमी, मेलची टिंग नाही. इतकं सलग काम त्या ऑफिसात मी फार दिवसांत बघितलं नव्हतं.

एक कबुली. गुरुवारी दुपारी तासभर मी कपाट आवरलं. नेट नसलं की माणसं कपाटं आवरतात आणि त्याला काम म्हणतात. माझ्या मते ती मनाची समजूत असते. त्यात एकाची डिजिटल सही महिनाअखेरीस संपतेय हे सापडलं, एवढाच फायदा.

दुसऱ्याच्या केबिनमध्ये

मधल्या वेळात एक चूक झाली, तीही सांगतो. शुक्रवारी दुपारी चारला उद्यमबागच्या एका पक्षकाराचा फोन आला. म्हणाले, आमच्यात नेट आहे, या की बसायला. बारा-तेरा तयार कागद घेऊन गेलो. केबिन छान, बाहेर लेथचा आवाज, चहा आला. दीड तासात सात रिटर्न भरली. मी खुश.

आठवं उघडलं ते दुसऱ्या मशीन शॉपचं. त्याच एरियातलं, जवळपास तोच माल बनवणारं. सावकार, म्हणजे ज्यांच्या केबिनमध्ये बसलो होतो ते मालक, चहाचा कप घेऊन माझ्या मागं येऊन उभे राहिले आणि सहज म्हणाले, "ह्यांचं जूनला एवढं झालं व्हय?"

मी लॅपटॉप मिटला. काहीतरी कारण सांगून उठलो. त्यांचा हेतू वाईट होता असं मला आजही वाटत नाही. पण डॉक्टरनं एका पेशंटच्या घरी बसून दुसऱ्याचे रिपोर्ट उघडू नयेत, तसंच हे. नेट मिळतंय एवढंच बघितलं, कुणासमोर मिळतंय ते बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या दुसऱ्या पक्षकाराला मी स्वतःहून हे सांगितलं. ते आधी गप्प बसले, मग म्हणाले, "आता त्यांचं जूनचं किती झालं ते मला सांगा, फिट्टंफाट." मी सांगितलं नाही. तेव्हा मात्र ते हसले.

बाची

शनिवारी, म्हणजे वीसलाच, पहाटे साडेपाचला मी ऑफिसात मोबाइल डेटा लावून बसलो. गल्ली झोपलेली, टॉवर मोकळा. पण ओटीपी पक्षकाराच्या फोनवर जातो आणि दहा मिनिटांत मरतो, त्यामुळं नुसतं नेट जागं असून भागत नाही, पक्षकारही जागा लागतो. पहाटे जागा कोण? मागावर बसलेले विणकर आणि भट्टी पेटवलेले कुंदावाले. त्या हिशेबानं कागद वेगळे काढले, पाच रिटर्न गेली. सात वाजले, गल्ली उठली, चाक परत फिरायला लागलं.

राहिले सतरा. त्यात अकरा ओटीपीवाले आणि सहा कंपन्या, ज्यांना डिजिटल सहीच लागते, म्हणजे ती यूएसबीची कांडी.

धाकटा म्हणाला, "सर, आमच्या गावात चला की. आमच्यात महाराष्ट्राचं टॉवर धरतंय, रेंज फुल्ल असतंय."

त्याचं गाव बाची. वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा टाकला की येतं. पुढं पाऊल टाकलं की शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. शिनोळीत औद्योगिक वसाहत आहे, त्यामुळं तिकडं टॉवरही दमदार. सुळग्याच्या पुढं माझ्या फोनवर महाराष्ट्रात स्वागत असल्याचा मेसेज आला. गाडी अजून कर्नाटकात होती. पासष्टाहून जास्त वर्षं जे काम कुणाला जमलं नाही ते फोननं पंधरा किलोमीटरमध्ये केलं, असं अण्णा मागच्या सीटवरून म्हणाले.

धाकट्याच्या घरी सोप्यात बसलो. एका अंगाला भाताची पोती, पलीकडं गोठा, कौलांवर पाऊस. त्याच्या आईनं एका टेबलावर धुतलेलं कापड अंथरून दिलं, जसं सत्यनारायणाला अंथरतात. दोन लॅपटॉप, एक क्लिप, सतरा कागद. अण्णा आकडे वाचणार, मी टाइप करणार, धाकटा फोन लावून ओटीपी घेणार. अकरा रिटर्न दोन तासांच्या आत झाली. गोठ्यातली म्हैस मध्येच ओरडायची आणि फोनवरचा पक्षकार विचारायचा, "सर, कुठं आहात ओ?"

मग कंपन्यांची पाळी. कांडी लावली, पोर्टलवर सही दाबली, काही होईना. सहीसाठी कॉम्प्युटरवर एमसाइनर नावाचं छोटं सॉफ्टवेअर लागतं, आणि कांडीचं स्वतःचं ड्रायव्हर वेगळं. ऑफिसातल्या मशीनवर दोन्ही होती. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही नव्हती. ते उतरवून, बसवून, एकदा बंद-चालू करून तास गेला. तोवर कळलं की कांड्या चारच आणल्यात, दोन शहापूरच्या ड्रॉवरमध्ये. अक्का ऑफिसातच थांबल्या होत्या म्हणून बरं. धाकटा पावसात गाडीवर गेला, तासाभरानं दोन्ही कांड्या स्टीलच्या डब्यात घालून घेऊन आला. डबा अक्कांचा, सकाळच्या पोह्यांचा वास तसाच.

संध्याकाळी सातपर्यंत पाच कंपन्या झाल्या. सहावीचा कागद तयार, सही तयार, चलन काढून पाठवलेलं. रोख भरायची रक्कम १,४६,००० रुपये. बँकेत पैसे सुटायला दोन संचालकांची मंजुरी लागते. एकानं दिली. दुसरे गोव्याहून परत येत होते आणि चोर्ला घाटात होते. चोर्ला घाटात रेंज नसते, हे त्या रस्त्यानं एकदा गेलेल्या माणसालाही माहीत असतं. आम्ही बारा वाजेपर्यंत थांबलो, त्यांचा फोन लागला नाही. घाटात झाड पडून दोन तास अडकले होते, हे नंतर कळलं.

रिटर्न दुसऱ्या दिवशी गेलं. लेट फी ५० रुपये, एका दिवसाचं व्याज ७२ रुपये. एकूण १२२. मी भरले. त्या संचालकांनी सोमवारी विचारलं, "हे कुणाच्या चुकीनं झालं?" मला उत्तर देता आलं नाही. घाट त्यांचा, पण चलन १६ तारखेलाच काढता आलं असतं, तो दोष आमचा.

खड्ड्यात काय होतं

रविवारी सकाळी कोपऱ्यावर दोन पोरं छत्री धरून बसलेली दिसली. गटारीच्या कामासाठी गुरुवारी जेसीबी लागला होता, त्यानं फायबर तोडली. म्हणजे पावसाला घातलेल्या शिव्या वाया गेल्या.

मी अर्धा तास तिथं उभा राहिलो. आधी त्यांनी एक यंत्र लावलं, ते तारेत उजेडाचे ठोके सोडतं आणि परत आलेल्या उजेडावरून तुटलेली जागा किती मीटरवर आहे ते सांगतं. मग केबल सोलली. आत निळी, केशरी, हिरवी, तपकिरी, अशा रंगांच्या बारीक तारा. रंग काढला की उरते ती सव्वाशे मायक्रॉनची काच, केसाएवढी, आणि उजेड जातो तो तिच्या पोटातल्या नऊ मायक्रॉनच्या वाटेनं. एकानं ती स्पिरिटनं पुसली, छोट्या यंत्रावर टोक सरळ कापलं, दुसरं टोक समोर धरलं, झाकण लावलं. पडद्यावर दोन्ही टोकं हळूहळू जवळ आली, एक ठिणगी उडाली, आणि खाली जोडात उजेड किती गळतो त्याचा आकडा आला: ०.०२. पोरगा खुश झाला. चांगला जोड. स्कूटरच्या सीटवर यंत्र ठेवून, वरून पाऊस, आणि हात एकदाही हलला नाही.

खड्ड्यात माझं लक्ष गेलं तेव्हा दोन केबली दिसल्या. मी विचारलं, दुसरी कुणाची? त्यानं आमच्या दुसऱ्या कनेक्शनवाल्या कंपनीचं नाव घेतलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, "एरडू इदराग अदाव री." दोन्ही यातच आहेत. दीड वर्ष आम्ही दोन कंपन्यांना पैसे देत होतो. बिलं वेगळी, डबे वेगळे, तक्रारीचे नंबर वेगळे. खड्डा एक. घेताना आम्ही वेग विचारला, दर विचारला. तार कुठून येते ते विचारलं नाही.

आता दुसरं कनेक्शन तारेचं नाही, गच्चीवरच्या सिमवाल्या डब्यावर चालतं, टॉवरही दुसऱ्या अंगाचा. आतल्या मशीनांना वेगळा स्विच बसवला, त्यामुळं बाहेरच्या डब्याला कुणी कितीही छळलं तरी टॅली चालू राहतं. दर सोमवारी अण्णांची यादी छापून भिंतीला लागते, फोन नंबरांसकट. कांड्या अक्कांच्याच त्या स्टीलच्या डब्यात असतात. अक्कांनी घरून दुसरा डबा आणला.

एकेक कागद छापायची पद्धतही ठेवायची ठरवली. ऑगस्टमध्ये ती इतकी चालली की १७ तारखेला फक्त सात रिटर्न राहिली होती, आणि वीसला संध्याकाळी सहाला आम्ही कुलूप लावलं. सप्टेंबरला गणपती आले. कागद छापायचं जरा मागं पडलं, परत आधी पोर्टल आणि मग आकडे असं सुरू झालं. वीस तारखेला रात्री साडेनऊला चौदा राहिले होते. नेट मात्र दोन्हीकडचं उत्तम चालू होतं.